प्रकल्प नोंदी: सीएमटीआर१ आणि आरएनए कॅपवरचा एक मिथाईल

७ फेब्रुवारी २०२५

टायटल फायनल झालं एकदाचं. सीएमटीआर१, म्हणजे माणसाच्या आरएनएच्या कॅपवर, म्हणजे पुढच्या टोकावरच्या टोपीवर, मिथाईल लावणारं एक एन्झाइम, त्याची रचना आणि काम. मॅडम म्हणाल्या की वेट लॅबच्या मागे लागू नका, चार महिन्यात प्रोटीन एक्स्प्रेस करून शुद्ध करणं होणार नाही, त्यापेक्षा जे स्ट्रक्चर्स उपलब्ध आहेत ते नीट पहा, पेपर नीट वाचा आणि एक सरळ प्रश्न घेऊन बसा. पार्टनरला डॉकिंग, म्हणजे कॉम्प्युटरवर रेणू एन्झाइमच्या खोबणीत (पॉकेटमधे) बसवून पाहणं, करायचं आहे, त्याचं म्हणणं पॉकेट शोधू, त्यात हजार रेणू टाकू, टॉप दहा लिहू, झालं. मला ते आत्ताच पटून नाही राहिलं. आधी एन्झाइम समजू दे, मग पॉकेट.

ही डायरी दोघांची आहे, लिहून मी राहिले, तो वाचून दुरुस्त करेल. ज्युनिअर्सनी पण वाचावी म्हणून सुरुवातीपासून लिहिते.

१२ फेब्रुवारी

पेशीत आरएनए पॉलिमरेज २ नं, म्हणजे डीएनएवरून आरएनए लिहिणाऱ्या एन्झाइमनं, एमआरएनए लिहायला घेतला की त्याचं पुढचं टोक उघडं असतं, तीन फॉस्फेट लागलेले. ते तसंच राहिलं तर पेशीतली एन्झाइम्स ते कुरतडतात. म्हणून टोकाला एक ग्वानोसिन उलटा जोडला जातो, ५ प्राइमला ५ प्राइम, मधे तीन फॉस्फेट, आणि मग त्या ग्वानिनच्या ७ नंबरच्या नायट्रोजनवर मिथाईल. हे झालं कॅप ० . पहिली दोन कामं माणसात आरएनजीटीटी एकटाच करतो, एक फॉस्फेट काढणं आणि जीएमपी (तोच ग्वानोसिन, एका फॉस्फेटसकट) चिकटवणं, आणि एन७ चा मिथाईल आरएनएमटी लावतो, सोबतीला रॅम नावाचं छोटंसं प्रोटीन घेऊन.

आमचा सीएमटीआर१ त्याच्यापुढचा. कॅपनंतरचा जो पहिला न्युक्लिओटाइड, त्याच्या रायबोज साखरेच्या २ प्राइम हायड्रॉक्सिलवर तो मिथाईल लावतो आणि मग ती कॅप १ होते. दुसऱ्या न्युक्लिओटाइडवर हेच काम सीएमटीआर२ करतो, ती कॅप २, पण ती सगळ्या एमआरएनएवर नसते.

एक कार्बन, तीन हायड्रोजन, एवढाच फरक आहे कॅप ० आणि कॅप १ मधे. आणि एवढ्यावरून पेशी ठरवते की हा आरएनए आपला का बाहेरचा. आयएफआयटी१ नावाचं प्रोटीन कॅप ० वाल्या आरएनएला घट्ट धरतं आणि त्याचं भाषांतर, म्हणजे त्यापासून प्रोटीन बनणं, होऊ देत नाही, कॅप १ असेल तर बहुतेक सोडून देतं. आरआयजी-आय हा पेशीतला पहारेकरी पण या मिथाईलमुळे शांत राहतो. कोविडच्या वेळी फायझरची लस घेतली गेली जगभर, तिच्या एमआरएनएला कॅप १ च होती, नाहीतर आपल्याच पेशींनी तिला बाहेरचं समजून अडवलं असतं. आपल्याकडे पुण्याच्या जेनोव्हाच्या एमआरएनए लशीला २०२२ मधे मंजुरी मिळाली, म्हणजे हा विषय आता काही परदेशातल्या लॅबपुरता राहिलेला नाही.

१५ फेब्रुवारी

थोडा इतिहास, इंट्रोडक्शनसाठी. कॅप सापडली १९७५ मधे, आणि ती सापडली व्हायरसमुळे. न्यू जर्सीच्या रोश इन्स्टिट्यूटमधे अ‍ॅरन शॅटकिन यांच्या लॅबमधे फुरुइची आणि मुथुकृष्णन रिओव्हायरसचा आरएनए पाहून राहिले होते, तिकडे बर्नार्ड मॉस यांचा गट व्हॅक्सिनिया व्हायरसवर. दोन्हीकडे टोकाला मिथाईल असलेली ही विचित्र उलटी जोडणी दिसली. त्या वेळच्या पेपरमधेच २ प्राइम-ओ-मिथाईल दिसतो, म्हणजे मिथाईल माहीत होता १९७५ पासून, पण माणसात तो लावतो कोण हे नीट सिद्ध व्हायला २०१० उजाडलं. इतकी वर्षं! सुब्बरत्नम मुथुकृष्णन हे नाव मला या प्रोजेक्टआधी माहीत नव्हतं आणि सेमिनारमधे मी ते मुद्दाम घेणार आहे.

२० फेब्रुवारी

युनिप्रॉटवर, म्हणजे प्रोटीन्सच्या डेटाबेसवर, सीएमटीआर१ चा नंबर क्यू८एन१जी२. लांबी ८३५ अमिनो आम्लं. जीन ६ नंबरच्या क्रोमोसोमवर. नावं बरीच आहेत, जुन्या पेपरात एफटीएसजेडी२, केआयएए००८२, एचएमटीआर१, आयएसजी९५ असं काही दिसलं तर तो हाच आहे, सर्च करताना सगळी टाकावी लागतात नाहीतर अर्धे पेपर सुटतात.

डोमेन्स, म्हणजे प्रोटीनचे वेगवेगळे भाग, डावीकडून उजवीकडे (कोणाचं काय काम ते पुढच्या नोंदींत): अगदी सुरुवातीला न्युक्लियसमधे नेणारा सिग्नल, मग ८७ ते १३३ जी-पॅच, मग मधे मोठा कॅटॅलिटिक भाग, त्याच्यानंतर ग्वानिलिलट्रान्सफरेजसारखा दिसणारा एक डोमेन आणि शेवटाकडे ७५२ च्या पुढे छोटा डब्ल्यूडब्ल्यू.

अल्फाफोल्डचं मॉडेल, म्हणजे कॉम्प्युटरनं अंदाजलेली रचना, काइमेरा-एक्स या स्ट्रक्चर पाहायच्या सॉफ्टवेअरमधे उघडलं. मधला भाग गडद निळा, म्हणजे खात्रीचा. सुरुवातीचा भाग नारिंगी, नुसता लोंबकळून राहिला इकडेतिकडे. पार्टनर म्हणे नारिंगी सगळं कापून टाकू, फिगर छान दिसेल. मी म्हटलं थांब. ज्याचा आकार ठरत नाही ते निरुपयोगी असतं असं कोण म्हणतं, प्रोटीनच्या अशा सैल भागांवरच तर दुसरी प्रोटीन्स येऊन बसतात.

२८ फेब्रुवारी

विज्ञान दिन. डिपार्टमेंटला पोस्टर लावलं, पहिल्या वर्षाची पोरं आली होती, एकीनं विचारलं की ताई मिथाईल इतका लहान तर एन्झाइम इतकं मोठं कायले. प्रश्न भारी आहे. अर्धं उत्तर खाली मार्चच्या नोंदीत येईल, उरलेलं अर्धं हाच आमचा प्रोजेक्ट आहे.

५ मार्च

आज दिवसभर ४एन४९ उघडून बसले. हे सीएमटीआर१ चं २०१४ चं क्रिस्टल स्ट्रक्चर, वॉर्सामधल्या बुजनिकी आणि नोवोत्नी यांच्या गटांचं, रिझोल्यूशन १.९ अँगस्ट्रॉम. सोबतचं ४एन४८, त्याच्यात कॅप लागलेला आरएनएचा छोटा तुकडा पण आहे, ते २.७ चं. दोन्हीत फक्त मधला कॅटॅलिटिक भाग आहे, साधारण १२६ ते ५५०.

घडी म्हणाल तर रॉसमन प्रकारची, मधे बीटा पट्ट्यांची चादर आणि दोन्ही बाजूंनी हेलिक्स, मिथाईलट्रान्सफरेजमधे नेहमी दिसते ती. एका बाजूच्या खोबणीत सॅम बसतो, एस-अ‍ॅडेनोसिलमेथिओनिन, मिथाईल देणारा. दुसऱ्या बाजूनं कॅप आत येते. आणि जिथे दोन्ही भेटतात तिथे तीन अमिनो आम्लं उभी आहेत: लायसिन २३९, अ‍ॅस्पार्टेट ३६४, लायसिन ४०४.

हे तीन मी बाकी सगळं लपवून, फक्त स्टिक्समधे काढून, फिरवून फिरवून पाहिले. रायबोजचा २ प्राइम ऑक्सिजन सॅमच्या मिथाईलकडे तोंड करून आहे, आणि त्या मिथाईलच्या पलीकडे सल्फर. ऑक्सिजन, कार्बन, सल्फर जवळजवळ एका रेषेत. बारावीत एसएन२ शिकताना मागून हल्ला म्हणून जो बाण काढायचो, तो बाण इथे प्रोटीनच्या आत खराखुरा दिसून राहिला. ऑक्सिजन पुढे सरकतो, मिथाईल सल्फरला सोडून त्याच्याकडे येतो, सॅमचा सॅह, म्हणजे मिथाईल गेलेला सॅम, होतो.

पण हायड्रॉक्सिलचा प्रोटॉन कोणीतरी आधी ओढायला पाहिजे. ते काम लायसिन ४०४ चं असं मानतात. आता गंमत इथे आहे. लायसिन शरीराच्या पीएचला स्वतःच प्रोटॉन घेऊन बसलेला असतो, त्याचा पीकेए दहाच्या वर, म्हणजे पीएच तितका चढल्याशिवाय तो प्रोटॉन सहज सोडत नाही, तो दुसऱ्याचा प्रोटॉन कसा घेणार? म्हणून शेजारी पाहिजेत. लायसिन २३९ चा पॉझिटिव्ह चार्ज आणि अ‍ॅस्पार्टेट ३६४ ची जागा मिळून ४०४ च्या भोवतीचं वातावरण असं बनवतात की त्याला आपला प्रोटॉन सोडून देणं सोपं पडतं. एकटा लायसिन काही कामाचा नाही. म्हणूनच २३९ च्या जागी अ‍ॅलानिन टाकलं की एन्झाइम मरतं, आणि हा म्युटंट सगळे लोक कंट्रोल म्हणून वापरतात.

पोरीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे: तीन अमिनो आम्लं बरोब्बर त्या कोनात धरून ठेवायला बाकीची चारशे लागतात.

६ मार्च

कालच्या तिघांचे नातेवाईक दुसऱ्या मिथाईल लावणाऱ्या एन्झाइम्समधे शोधले. व्हॅक्सिनियाच्या व्हीपी३९ मधे लायसिन ४१, अ‍ॅस्पार्टेट १३८, लायसिन १७५. सार्स-कोव्ह-२ च्या, म्हणजे कोविडच्या व्हायरसच्या, एनएसपी१६ मधे ४६, १३० आणि १७०. आणि ई. कोलायच्या आरआरएमजेमधे पण हीच मांडणी, तो तर कॅपला हात पण लावत नाही, रायबोसोमच्या २३एस आरएनएवर मिथाईल लावतो. आरआरएमजे हे हीट शॉक प्रोटीन आहे, तापमान वाढलं की बॅक्टेरिया ते जास्त बनवतो. नागपुरात बसून ही ओळ वाचताना त्या बॅक्टेरियाबद्दल फार आपुलकी वाटली, कूलर अजून माळ्यावरून काढायचा आहे आणि दुपारचं ऊन आत्तापासूनच लागून राहिलं.

१४ मार्च

धुळवड. सुट्टी.

१८ मार्च

ग्वानिलिलट्रान्सफरेजसारखा डोमेन. खरं ग्वानिलिलट्रान्सफरेज म्हणजे आरएनजीटीटीचा मागचा अर्धा भाग, त्याच्यात एक लायसिन जीएमपीला स्वतःवर घेऊन मग आरएनएला देतो. सीएमटीआर१ च्या या डोमेनची घडी तशी आहे पण ते काम तो करत नाही. पार्टनर म्हणे मग हा उत्क्रांतीत उरलेला कचरा. मला हा शब्द आवडत नाही. माणसापासून खालपर्यंत जो भाग एन्झाइमला चिकटून टिकला आहे त्याला काही न काही धरायला आहे असं आधी धरून चालावं आणि मग पुरावा शोधावा. यावर आमचं वाजलं थोडं, कॅन्टीनमधे तर्री पोहे थंड होईपर्यंत.

२२ मार्च

डब्ल्यूडब्ल्यू डोमेन मात्र सरळ आहे. तो पॉलिमरेज २ च्या शेपटीला, म्हणजे सीटीडीला धरतो, आणि ती शेपटी ५ नंबरच्या सेरिनवर फॉस्फेट लागलेली असताना. ते फॉस्फेट लागतं लिखाण नुकतं सुरू झालेलं असताना. म्हणजे सीएमटीआर१ न्युक्लियसमधे मोकळा फिरून कॅप शोधत नाही, जिथे आरएनए जन्माला येतो तिथे तो हजर असतो.

३० मार्च, गुढीपाडवा

आई श्रीखंड करून राहिली आणि मी लॅपटॉप घेऊन बसले म्हणून बोलणी खाल्ली, पण हा पेपर ठेवता येत नव्हता. २०२३ मधे गॉटिंगनच्या पॅट्रिक क्रेमर यांच्या गटानं मानवी कॅपिंगची सहा क्रायो-ईएम (गोठवलेल्या नमुन्यावर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपनं काढलेली) स्ट्रक्चर्स दिली, पॉलिमरेजवर बसलेल्या एन्झाइम्सची. आरएनजीटीटी आधी पॉलिमरेजच्या देठासारख्या भागाला लागतो, तिथून पृष्ठभागावर सरकतो, आरएनए साधारण २२ न्युक्लिओटाइड लांब झाला की त्याला जीएमपी लागू शकतो. मग सीएमटीआर१ त्याच देठावर येतो आणि आरएनए साधारण २९ चा झाला की त्याचं टोक याच्या खोबणीत पोहोचतं.

बावीस आणि एकोणतीस. मधे सात न्युक्लिओटाइड. म्हणजे क्रम कोणी सांगावा लागत नाही, आरएनए किती लांब झाला यावरूनच पाळी ठरते. मला या पूर्ण प्रोजेक्टमधे सगळ्यात सुंदर वाटलेली गोष्ट हीच. आणि हे पाहिल्यावर नुसतं ४एन४९ दाखवून रचना आणि काम असं टायटल लिहिणं मला बरोबर वाटत नाही. ८३५ पैकी जवळजवळ अर्धा भाग त्या क्रिस्टलमधे नाही, आणि कुठे उभं राहायचं, कधी थांबायचं, हे सगळं त्या नसलेल्या अर्ध्यात लिहिलेलं आहे.

४ एप्रिल

मॅडमना हे नसलेल्या अर्ध्याचं दाखवलं. म्हणाल्या, मग हाच प्रश्न घ्या. पार्टनर पण आता वळला इकडे, डॉकिंगची फाइल त्यानं बाजूला ठेवली.

९ एप्रिल

जी-पॅच. इथे खरी अडचण आहे आणि इथेच आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालून राहिलो.

जी-पॅच म्हणजे ग्लायसिन जास्त असलेला छोटा पट्टा, तो डीएचएक्स१५ नावाच्या हेलिकेजला धरतो. हेलिकेज म्हणजे एटीपी खर्च करून आरएनएच्या गाठी, वळणं सोडवणारं एन्झाइम. डीएचएक्स१५ स्प्लायसिंगमधे आणि रायबोसोम बनवण्यात पण असतो, यीस्टमधे त्याचा भाऊ पीआरपी४३.

२०१८ मधे दोन पेपर आले, दोन वेगळ्या गटांचे. वॉर्साच्या गटानं दाखवलं की ज्या आरएनएचं पुढचं टोक घट्ट दुमडलेलं आहे, त्याला सीएमटीआर१ एकटा नीट मिथाईल लावू शकत नाही, डीएचएक्स१५ सोबत असला की लावतो. टोक मोकळं असेल तर जी-पॅच नसला तरी चालतं. म्हणजे डीएचएक्स१५ मदतनीस.

त्याच वर्षी डंडीच्या व्हिक्टोरिया काउलिंग यांच्या गटानं दाखवलं की डीएचएक्स१५ धरलेला असताना सीएमटीआर१ ची क्रिया दबते, आणि तो पॉलिमरेजला लागत पण नाही. उलट सीएमटीआर१ मुळे डीएचएक्स१५ चं एटीपी जाळणं आणि गाठ सोडवणं वाढतं. म्हणजे डीएचएक्स१५ लगाम.

पार्टनर म्हणे दोघांपैकी एक चूक असेल. मला तसं नाही वाटत. मी दोन्ही पेपरच्या मेथड्स शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. विचारलेले प्रश्न वेगळे आहेत. एकानं विचारलं की टोक दुमडलेलं असेल तर काय, दुसऱ्यानं विचारलं की पेशीत हे दोघं जोडीनं असतात तेव्हा सीएमटीआर१ कुठे असतो आणि काय करतो. सोप्या आरएनएला हेलिकेजची गरजच नाही, तिथे तो वाटेत येऊन बसतो. अवघड आरएनएला त्याच्याशिवाय टोक खोबणीत जाणार नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे आमचं मत आहे, सिद्ध झालेलं नाही, आणि थिसिसमधे तसंच लिहायचं ठरलं.

अजून एक गोष्ट डोक्यात आहे. पॉलिमरेजवर सीएमटीआर१ ला आरएनए मिळतो तो २९ च्या आसपास लांब असताना, आणि त्यातला मोठा भाग अजून पॉलिमरेजच्या आतच असतो. इतक्या कमी मोकळ्या आरएनएला मोठी गाठ मारायला जागा कुठून? म्हणजे डीएचएक्स१५ ची मदत लागत असेल तर ती बहुतेक पॉलिमरेजपासून सुटलेल्या, त्या वेळी मिथाईल चुकलेल्या आरएनएला. काउलिंग गटाचं निरीक्षण, की ही जोडी पॉलिमरेजला लागत नाही, याच्याशी जुळतं. एक टोळी लिखाणाच्या जागेवर, दुसरी मागे राहिलेल्यांसाठी. मॅडमना हे आवडलं, पण त्यांनी लाल पेनानं लिहिलं: गृहीतक.

१६ एप्रिल

पार्टनरच्या समाधानासाठी औषधांचा भाग. इन्फ्लुएंझा व्हायरस स्वतःची कॅप बनवतच नाही, तो आपल्या आरएनएची टोकं कॅपसकट कापून स्वतःच्या आरएनएला लावतो. म्हणजे त्याला आयती कॅप १ मिळते, सीएमटीआर१ च्या कष्टाची. २०२३ मधे सायन्समधे आलं की ट्रायफ्लुओरोमिथाईल-ट्युबरसिडिन हा रेणू सीएमटीआर१ ला अडवतो आणि इन्फ्लुएंझा ए आणि बी दोन्हीची वाढ थांबते. कोरोनावर मात्र त्याचा असर नाही. का? कारण कोरोना एनएसपी१६ घेऊनच येतो, त्याला आपल्या एन्झाइमची गरज नाही.

४एन४९ वर ६डब्ल्यू४एच, म्हणजे एनएसपी१६ चं स्ट्रक्चर, ठेवून पाहिलं. दोन लायसिन आणि एक अ‍ॅस्पार्टेट एकावर एक बसतात, सॅमची खोबण पण ओळखीची. पण कॅप धरायची जागा वेगळी. व्हीपी३९ तर कॅपच्या ग्वानिनला दोन अ‍ॅरोमॅटिक अमिनो आम्लांच्या मधे, टायरोसिन २२ आणि फेनिलअ‍ॅलानिन १८०, दाबून धरतो. एनएसपी१६ ला सॅम धरायला एनएसपी१० हे व्हायरसचंच दुसरं प्रोटीन लागतं, आपल्याला तसलं काही लागत नाही. म्हणजे फक्त व्हायरसचं एन्झाइम मारायचं असेल तर सॅमची खोबण सोडून कॅपच्या बाजूनं गेलेलं बरं. पार्टनर खूश, हे प्रकरण तो लिहिणार.

२१ एप्रिल

बाहेर लू सुटली आहे, दुपारी लाईट गेली, कूलर बंद, तरी प्रिंट घेऊन ठेवलेले पेपर वाचले.

उंदरांचा २०२३ चा पेपर. सीएमटीआर१ काढला तर भ्रूण मरतात, सीएमटीआर२ काढला तरी मरतात, आणि दोन्हीत बिघडणारे आरएनए वेगवेगळे. मला वाटलं होतं की इंटरफेरॉन, म्हणजे व्हायरस आल्याचा इशारा देणारं प्रोटीन, भडकून मरत असतील, कारण पेशीला स्वतःचाच आरएनए परका वाटेल. तसं नाही. भ्रूणात इंटरफेरॉनचा मार्ग जागाच होत नाही. मोठ्या उंदराच्या यकृतात मात्र तो कायम चालू राहतो. म्हणजे आपला-परका ओळखणं हे या मिथाईलचं एकच काम नाही, जीन्स चालवण्यातही त्याचा हात आहे, आणि भ्रूणासाठी तेच जास्त महत्त्वाचं दिसतं. १२ फेब्रुवारीच्या नोंदीत लिहिलेल्या पहारेकऱ्याच्या गोष्टीला ही जोड ज्युनिअर्सनी नक्की वाचावी.

दुसरं म्हणजे इंटरफेरॉन आला की सीएमटीआर१ स्वतःच वाढतो, आयएसजी९५ हे नाव त्यामुळेच (आयएसजी म्हणजे इंटरफेरॉननं चेतवलेला जीन). आणि तो नसेल तर आयएसजी१५, एमएक्स१ सारखी व्हायरसविरोधी प्रोटीन्स कमी बनतात. भर लढाईत आपल्या माणसांना ओळखपत्रं जास्त लागणारच.

२ मे

फिगर १ फायनल. पूर्ण ८३५, नारिंगी भागासकट. कॅटॅलिटिक भाग क्रिस्टलमधून, बाकी अल्फाफोल्डमधून, आणि कुठलं कुठून घेतलं ते रंगानं वेगळं दाखवलं आहे, म्हणजे मोजलेलं आणि अंदाजलेलं एकमेकात मिसळणार नाही. पॉलिमरेजची शेपटी आणि डीएचएक्स१५ दोन्ही तुटक रेषेनं.

६ मे

शेवटच्या प्रकरणात प्रयोग सुचवायचा होता, ज्याच्याकडे लॅब आहे त्याच्यासाठी. आम्ही हा लिहिला: दोन आरएनए घ्यायचे, लांबी सारखी, दोघांना कॅप ०, एकाचं पुढचं टोक मोकळं आणि दुसऱ्याचं हेअरपिनमधे, म्हणजे दुमडून बसलेल्या गाठीत, अडकलेलं. रेडिओअ‍ॅक्टिव्ह मिथाईलवाला सॅम टाकायचा. सीएमटीआर१ एकटा, मग डीएचएक्स१५ आणि एटीपीसोबत, मग जी-पॅच कापलेला सीएमटीआर१. आणि हेच सगळं परत, पण ५ नंबरच्या सेरिनवर फॉस्फेट असलेला सीटीडीचा पेप्टाइड घालून. आमचं म्हणणं बरोबर असेल तर मोकळ्या टोकावर डीएचएक्स१५ मुळे मिथाईल कमी लागेल, हेअरपिनवर जास्त, आणि पेप्टाइड भरपूर असेल तर सीएमटीआर१ डीएचएक्स१५ ला सोडून त्याच्याकडे जाईल. तिन्हीतलं एकही उलटं आलं तर ९ एप्रिलची नोंद खोडावी लागेल. कंट्रोलला लायसिन २३९ चं अ‍ॅलानिन.